संपातला खोकला

बाबा, तुम्हाला चाळीत मारलं त्या संध्याकाळचा हिशेब मला आजवर जमला नव्हता. परळच्या एका वैद्यकीय ग्रंथालयात मी डॉक्टरांना शोधनिबंध काढून देतो. जीवशास्त्राचं जगभर जे छापून येतं ते कॉम्प्युटरवर शोधायचं, एवढंच काम. पण कुठला शब्द घातला की काय हाती लागतं, हे मी माझं मी शिकलो. नियम एकच, हवं ते उत्तर प्रश्नात घालायचं नाही.

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्याची धूळ थांबली, तशी तुमची छाती मोकळी झाली. आई म्हणायची, संपानं पोट मारलं पण श्वास दिला. आणि काही महिन्यांनी तो खोकला परत आला, छाती आवळणारा. चाळीच्या भिंती पातळ. तात्या आले, तुमच्याच खात्यातले, मागे तिघं. संप फोडून तुम्ही चोरून कामावर जाता, हा त्यांचा संशय. "खंयच्या गेटान भितुर गेलंस?"

"मी मिलीत गेलंय नाय."

"मगे ह्यो खोकलो खंयसून इलो?"

तात्यांनी आमच्याच मोरीतलं धोपाटणं उचललं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. दात फरशीवर पडला. आई आडवी आली तर तिचा हात पिरगळून तिला दारावर आपटलं. तुम्हाला बोलायचं होतं, पण तोंडातून रक्त आणि खोकलाच येत होता. आणि तुम्ही खोकलात की त्यांना तो कबुलीजबाब वाटे, की पुन्हा घाव. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. त्यानंतर तुम्ही उताणे कधी झोपला नाहीत, आणि मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल बोललाही नाहीत.

आज मी गिरणी, कापूस, खोकला असं टाकलं. निबंध तात्यांचंच म्हणणं सांगत होते: धुळीपासून लांब गेलं की आराम, परत गेलं की त्रास. मग मी गिरणी हा शब्द काढला. गाद्या पिंजणाऱ्यांचे निबंध आले. तीच छाती, तोच खोकला. आणि मला संपाच्या दिवसांतलं आपलं बंद दार दिसलं. ठाकूरद्वारच्या गादीवाल्याकडच्या जुन्या गाद्या उसवून तुम्ही आत हातानंच, आवाज न करता कापूस पिंजताय. कार्डिंगचा कारागीर पिंजारी झाला हे चाळीला कळू नये म्हणून कडी लावलेली. कापूस घरातच होता, बाबा. पण खोकला म्हणजे मिल, हे तात्यांनी धरलं तसं मीही इतकी वर्षं धरलं.

हे तात्यांना दाखवणार नाही. कारण गिरणी हा शब्द मी काही नियमाप्रमाणे काढला नाही. तुम्ही सुटावं म्हणून काढला.