मे महिन्यातली गाढी

पनवेल, २४ मे १९९२

प्रिय अविनाश,

नाशिकचा तुझा पत्ता रमामावशीकडून घेतला. बाबा बरे आहेत. नदीचं पाणी मोजायची नोकरी जाऊन पाच वर्षं झाली, तरी रोज सकाळी गाढी नदीवर जाऊन पाणी बघतात आणि आपल्या वहीत लिहितात. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून मी सोबत जाते. पाणी मोजपट्टीच्याही खाली उतरलं की काय करायचं, तेही त्यांनी मला शिकवलंय. वाळूचा बांध घालून सगळी धार एका नळीतून काढायची, खाली बादली धरायची आणि घड्याळ बघायचं.

गेल्या आठवड्यात चारुदत्त नावाचे नवे इंजिनिअर नदीवर भेटले. कामोठ्याकडच्या नव्या वस्तीसाठी इथून रोज दहा लाख लिटर पाणी उचलायचं घाटतंय. यंदा मे महिन्यातही धार बरी आहे, त्यामुळे स्वारी खुशीत होती. मी म्हटलं, "एका उन्हाळ्यावर जाऊ नका. मधूनच एखाद्या वर्षी ही नदी पार आटते." काठावर भाजी लावणारी जनी लगेच म्हणाली, "सत्त्याऐंशी साली आमी वाळूत खड्डा खणून पानी भरला. नदीन धार दिसायची नाय!"

त्यांना घरी आणून बाबांच्या वह्या दाखवल्या. मे सत्त्याऐंशी: बारा लिटरची बादली भरायला चाळीस सेकंद. दिवसाला जेमतेम सव्वीस हजार लिटर. त्यांनी तो आकडा उतरवून घेतला. कचेरीच्या नोंदीत हा आकडा नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीतल्या नोंदवहीची प्रत घेऊन आले. आकडा होता, पण त्यावर रेघ मारलेली, आणि शेजारी शेरा: 'घरी बसून लिहिलेला.' याच शेऱ्यावर बाबांना काढलं होतं. तू तेव्हा त्याच कचेरीत नवा लागला होतास. अक्षर तुझं आहे, अवि.

बाबांना पहिल्यापासून माहीत होतं. "साहेबांनी दटावलं असेल त्याला," एवढंच बोलले. पाच वर्षं तू घरी का आला नाहीस, ते मला आत्ता कळलं.

मला माफी नको आहे. योजनेचा निर्णय दहा जूनला आहे. बाबांची वही खासगी, ती एकटी पुरणार नाही. पण रेघ मारणाऱ्यानंच ती चुकीची होती असं सहीनिशी लिहून दिलं, तर आकडा नोंदीत परत घेता येईल, असं चारुदत्त म्हणतात. त्या नळांवर हजारो घरं अवलंबून राहणार आहेत. तू लिहून देशील, याबद्दल मला शंका नाही. फक्त कागद पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. मुक्कामाला ये, असा बाबांचा निरोप आहे.

तुझीच,
वसुताई