बर्फावरची सात झुडपं

नदीचा उत्तर काठ, अप्पर कॅनडा
९ फेब्रुवारी १८१४

प्रिय टॅमसिनताईस,

आम्ही सगळे ठीक आहोत, तूही ठीक असशील. पोट आता किती दिसतं ते कळव. आई रोज विचारते आणि मी रोज काहीतरी ठोकून देते. तपकिरी गाय आटली. बटाटे अजून पुरताहेत.

पाद्री लूमिस दोन्ही काठांवर प्रार्थनेला जातात म्हणून हे पत्र तरी पोचेल. वरच्या ठाण्यावर दोन्हीकडचे शिपाई त्यांची टोपी उलटी करून बघतात आणि पत्रं वाचतात. (वाचणाऱ्या शिपाईदादांना नमस्कार. आमच्या गायीची बातमी इंग्लंडच्या राजाला कळवायची तर खुशाल कळवा.)

तू लग्न करून गेलीस तेव्हा फक्त नदीपलीकडे गेलीस, असं आम्हाला वाटलं होतं. दोन वर्षांत तू शत्रूच्या देशात जाऊन बसलीस. तुझा एसा अमेरिकेच्या पलटणीत, बाबा राजाच्या, आणि दोघांच्या बंदुका एकाच लोहाराने दुरुस्त केलेल्या. मला याचं आधी हसू यायचं.

मुख्य गोष्ट म्हणजे आईला न्यायला एसाला पाठवू नकोस. बाळंतपणाला येईन असा शब्द तिने तुला दिलाय, आणि पहिलटकरीण म्हणून तू घाबरली आहेस, हे मला माहीत आहे. पण तिला खोकला झालाय. फार वाईट खोकला आहे. तू तिकडचीच कुणी जाणती बाई बोलावून घे.

बाबा हल्ली फारसं बोलत नाहीत, जेवतही नाहीत. थंडीमुळे असेल.

एसाला पाठवू नकोस हे वर लिहिलंय, तरी पुन्हा लिहिते.

तुझी धाकटी,
केझाया


१५ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

हा कागद तुझ्या हातात आहे म्हणजे पाद्रीबाबांनी निरोप नीट दिला. बाळाचं टोपडं केझायाने शिवलंय, म्हणजे कच्चंच असणार, तेव्हा आधी अस्तर उसवून पुन्हा घाल, असं तुला सांगायला मी त्यांना सांगितलं होतं. ते हसले. अस्तरात हे पत्र आहे हे त्यांना माहीत नाही, म्हणजे ठाण्यावर त्यांना खोटं बोलावं लागणार नाही.

काल त्यांनी एसाचा निरोप आणला. सासूबाईंचा खोकला दोन कांबळ्यांत गुंडाळून घेऊन येतो, शुक्रवारी दुपारी घोड्याची घसरगाडी घेऊन झुडपांच्या वाटेने निघतो, असा. आईने माझ्याकडे वळून विचारलं, "कुणाला गं खोकला?" मी म्हटलं, गायीला. आईने हसून पेटी उघडली आणि कपडे भरायला घेतले.

आता खरं सांगते. आई धडधाकट आहे.

जानेवारीच्या शेवटी इथे नवा कप्तान आला. तुमच्याकडचं सैन्य बर्फावरून चालून येणार अशी त्याला खबर होती. इतके दिवस पहारेकरी तोंड फिरवायचे आणि चहा, मीठ, कधी एखादं डुक्करही त्या वाटेने इकडचं तिकडे व्हायचं. कप्तानाने ते बंद केलं आणि बाबांना बोलावून घेतलं.

पक्क्या बर्फाची वाट कळावी म्हणून दर हिवाळ्यात आपल्या काठापासून नदीच्या मध्यापर्यंत बाबा स्प्रूसची झुडपं रोवतात, तुमच्या काठापासून तुझे सासरे देवदाराची. मधे भेटून दोघं सफरचंदाची दारू पितात आणि तू जास्त वाकडी रांग लावलीस म्हणून भांडतात. लढाईच्या दोन्ही हिवाळ्यांत त्यांनी हे सोडलं नाही, कारण लढाई कोण जिंकतंय याचं बर्फाला काही नाही. रोवलेल्या झुडपाला कुणी हात लावत नाही, चोरसुद्धा नाही. दोन्ही काठांचा या एका गोष्टीवर विश्वास आहे. कप्तानाने नेमकं तेच हेरलं.

आपल्या काठाजवळची शेवटची सात झुडपं उपटून गिरणीच्या ओढ्यासमोर रोवा, असा त्याने हुकूम केला. बाबा नाही म्हणाले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुमची मुलगी तिकडे दिलीय ना? ते मी अजून कुठे लिहिलेलं नाही." मग त्याने बायबलवर बाबांचा हात ठेवून, हे कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली.

बाबांचा खांदा धड नाही, म्हणून मदतीला मी गेले. झुडपं मी उपटली, मी धरली. बाबांनी बुडाशी बर्फ ठासला आणि गोठावं म्हणून वर पाणी ओतलं. ताई, मला तेव्हा मजा वाटली. तुमच्याकडचे शिपाई रांगेने पाण्यात पडतील असं मनात आणून मी हसलेसुद्धा. माझ्या डोळ्यांपुढे नुसते निळे कोट होते, कोटांना तोंडं नव्हती. त्यात एसा असेल हे सुचलंच नाही. बाबांना सुचलं असणार. सातवं झुडूप रोवल्यावर ते तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले, आणि मी आपली थंडी वाजतेय म्हणून त्यांची बाही ओढत होते.

तिथे बर्फाची जाडी जेमतेम तळहाताच्या रुंदीएवढी आहे. ओढ्याचं पाणी त्याला खालून खात राहतं. वर नवा बर्फ भुरभुरलाय, त्यामुळे बघून काही कळत नाही. माणूस कदाचित निभावेल, घोडा नाही.

एसाचा निरोप आला तेव्हा मी बाबांना गोठ्यात गाठलं. ते म्हणाले, "एसाला बर्फ कळतो."

"बाबा, एसा बर्फ बघत नाही. झुडपं बघतो."

ते गायीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शपथ मी घेतलीय, केझाया. तुला कुणी घ्यायला लावली नाही."

म्हणून हे लिहिते आहे. मी स्वतः जाऊन झुडपं उपटून टाकली असती, पण गिरणीत पहारा आहे आणि आपल्या काठावरून तिथल्या बर्फावर पाऊल टाकेल त्याला गोळी घालायचा हुकूम आहे. या पत्राखेरीज माझ्या हातात काही नाही.

झुडपं हलवलीत एवढं कळलं की खरी वाट कुठली हे एसाला सांगावं लागणार नाही. त्याचं बालपण त्या वाटेवर गेलंय. पण तो ज्या साठ जणांबरोबर जेवतो त्यांना त्याने सांगितलं नाही, तर ते एक दिवस आमच्या झुडपांमागून पाण्यात जातील. त्यातल्या निम्म्यांना तू चर्चमध्ये नावाने हाक मारतेस. आणि त्याने सांगितलं, तर ते खऱ्या वाटेने येतील. त्या वाटेवरचं पहिलं घर आपलं आहे. रस्त्याकडच्या खोलीत आई झोपते.

यातलं कुठलं बरं, ते मी सहा दिवस विचार करूनही ठरवू शकले नाही. मी एसाला वाचवते आहे आणि उरलेलं सगळं तुझ्या पदरात टाकते आहे, तेही तुझे दिवस भरत आले असताना. मला याची लाज वाटते.

शुक्रवारी आई गाठोडं घेऊन काठावर उभी राहील. तो आला नाही की तुम्हा दोघांना नावं ठेवेल, मी ऐकून घेईन. मी सकाळपासून ओढ्यासमोर बसणार आहे. संध्याकाळपर्यंत तिथला बर्फ अभंग राहिला तर पत्र पोचलं असं मी समजेन.

वाचून झालं की जाळून टाक. एसाला सांगशील तेव्हा सगळं बाबांच्या माथी मारू नकोस. सातही झुडपं मी धरली होती, आणि सातही वेळा मी सरळ धरली होती.

तुझी बहीण, अजून तुला चालत असेल तर,
केझाया