पियानोबाई मागे बसल्या की

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? खोकल्याचं औषध वेळेवर घेतोस ना? (आधी तब्येत, मग गाऱ्हाणं, हा शाळेतल्या सिस्टरांनी पत्रलेखनाच्या तासाला घालून दिलेला नियम मी साठी उलटली तरी मोडत नाही.) वहिनी फोनवर सांगत होती, गॅरेज बंद केल्यापासून तू दिवसभर खिडकीशी बसतोस आणि गाडीचा आवाज आला की तोंड फिरवतोस. हल्लीच्या गाड्यांना कान लागत नाही, कॉम्प्युटर लागतो, असं म्हणून तू शटर ओढलंस त्याला दोन वर्षं झाली. ते खरं नाही, एवढंच सांगायला हे पत्र.

झालं असं, की माझी गाडी चालता चालता मान टाकायला लागली. रोज नाही, फक्त गुरुवारी. गुरुवारी मी पियानोबाईंना (मला शाळेत पियानो शिकवायच्या त्या, आता ऐंशीच्या, अंगाने अजून भारदस्त) दवाखान्यात नेते. त्या मागे बसल्या की चढावर गाडी आचके देऊन बंद. मी एकटी असले की गुणी मुलीसारखी धावते. बिचाऱ्या बाई म्हणाल्या, माझाच पायगुण, आता मी बसने जाईन.

शेवटी गाडी नव्या गॅरेजात नेली. तिथल्या मालकिणीला सगळे डॉक्टरीण म्हणतात, कारण ती लॅपटॉप जोडून गाडीची नाडी बघते. तिने मला शांतपणे समजावलं. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आणि टाकीत पंप असतो. पूर्वीचा पंप आपल्या आत्यासारखा, नको म्हटलं तरी वाढतच राहायचा आणि उरलेलं परत पातेल्यात, म्हणजे टाकीत. (तुझा कार्ब्युरेटर त्याही आधीचा, आजीच्या पिढीचा.) आताचा पंप पान बघून वाढतो. इंजिनाजवळ पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर असतो. कॉम्प्युटर हवा असलेला दाब आणि मिळालेला दाब ताडून बघतो आणि पंपाला क्षणोक्षणी सांगतो, जरा जोरात, आता सावकाश. परत न्यायला काही उरतच नाही.

डॉक्टरणीने सेन्सर बदलला, मग पंप बदलला. गुरुवारी गाडी पुन्हा बंद. तिचा चेहरा इतका उतरला, की मला शटर ओढणारा तू आठवलास. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी आमच्याबरोबरच चल.

ती पुढे, मांडीवर लॅपटॉप. बाई मागे. चढ लागला आणि बाई डोळे मिटून म्हणाल्या, "खालचा सूर उतरला." मला काही ऐकू आलं नव्हतं. पण लॅपटॉपवर मिळालेल्या दाबाचा आकडा घसरत होता. कॉम्प्युटर जोरात, जोरात म्हणत होता आणि पंप दमत चालला होता. डॉक्टरणीने बाईंना सीटच्या दुसऱ्या टोकाला सरकायला सांगितलं. सूर चढला, आकडा चढला, गाडीही चढली.

सीट उचलली. खाली एक जड वस्तू होती (ती कोणती, ते पुढे). तिच्याखाली पंपाची वायर घासून अर्धी तुटली होती. बाई बसल्या की वायर चेपायची आणि पंपाला वीज कमी पडायची.

डॉक्टरणीने तुटकी वायर बोटांत धरून पाहिली. मग म्हणाली, "दाब पडला ते लॅपटॉपने सांगितलं. कुठे बघायचं ते बाईंच्या कानाने. असा कान मी आणू कुठून?"

मी म्हटलं, आमच्या घरात एक आहे. सध्या खिडकीशी बसलेला असतो.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता.क. ती वस्तू म्हणजे तुझी पान्यांची कॅनव्हासची गुंडाळी. चोरीला गेली म्हणून तू शेजारच्या न्हाव्याशी अबोला धरलास, ती मीच उचलून माझ्या गाडीच्या सीटखाली लपवली होती. शटर ओढलंस त्या दिवशी भंगारवाला दारात उभा होता, आणि तू ती त्याच्या हातात देणार हे मला दिसत होतं. न्हाव्याची माफी तेवढी माग.

ता.क. २. डॉक्टरीण तुला मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बोलावते आहे. लॅपटॉपला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं.

ता.क. ३. गुंडाळीतला दहा नंबरचा पाना तिने ठेवून घेतला आहे. म्हणते, मालकाच्याच हातात देईन. मंगळवारी नऊ वाजता गाडी घेऊन दारात येते. तू मागे बस. पुढे पियानोबाई बसणार आहेत.