दौलताबादच्या फाट्यावर

अण्णा, दौलताबादचा किल्ला वाट वाकडी करून बघण्यासारखा आहे का, असं परवा सूनबाईनं मला विचारलं. आम्ही वैजापूरला निघालो होतो, माझ्या पुतण्याचा साखरपुडा होता. गाडी मुलगा चालवत होता, त्याच्या शेजारी नात, मागं आम्ही दोघी. फाटा जवळ आला तशी सूनबाई मोबाइलमधला नकाशा बघत म्हणाली, "फार फेरा पडत नाही आई, पण बघण्यासारखं आहे का काही? तुम्ही तर इथल्याच." मुलानं गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. आता या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी कोण? माहेरी आपल्या घरात असल्या बाबतीतलं शेवटचं कोर्ट तुम्ही होता, आणि तुम्ही तर काहीही न बघताच निकाल द्यायचा.

गुलमंडीतल्या आपल्या कापडाच्या दुकानात लग्नाचे बस्ते बांधले जायचे. वैजापूर, गंगापूर, कन्नडकडची मंडळी ट्रक नाहीतर टेम्पो करून यायची आणि सकाळी गादीवर बसली की दुपार टळेपर्यंत उठायची नाहीत. नवरीचा शालू, नवरदेवाचं कापड, मानाची लुगडी, टॉवेल-टोप्या असं सगळं चादरीत बांधून झालं की त्यातलं कुणीतरी हमखास विचारायचं, "शेठ, आता आलोच हाव तर मकबरा बघून जावं का? नाय तर किल्ला?" तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "मकबऱ्यात काय हाय, पांढऱ्या भिंती. किल्ल्यावर नुसतं चढायचं अन् उतरायचं. लेण्यांत लई फिरावं लागतं. फिजूल जहमत, उगा तरास." निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेला माणूस तुम्ही. पोलीस अ‍ॅक्शननंतर दुकानावरची उर्दू पाटी उतरली आणि मराठी चढली, पण जिभेवरची काही उतरली नाही. मग तुम्ही खरं कारण सांगायचा. बांधलेला बस्ता वाटेत कुठं टेकवायचा नाही, सरळ घरी न्यायचा, देवापुढं ठेवायचा आणि तिथंच सोडायचा. रस्त्यात गाठोडं घेऊन मजा बघत हिंडणाऱ्यांच्या लग्नात काहीतरी खोट निघते, असं तुम्ही इतकं ठासून सांगायचा की म्हाताऱ्या बायका लगेच पदर सावरून उठायच्या. आई आत चहा गाळता गाळता म्हणायची, "यांनी क्रांती चौकाच्या पलीकडचं काही बघितलंय का, ते विचारा आधी." आणि ते खरंच होतं. एवढ्या लोकांना तुम्ही किल्ल्यापासून परतवलं, पण तुम्ही स्वतः कधी त्याची पायरी चढला नव्हता.

माझ्या लग्नात मात्र खोट निघाली, आणि ती बस्त्यातच निघाली. वैजापूरच्या माझ्या सासरच्या बायकांना मानाच्या साड्या द्यायच्या होत्या. तुम्ही काय केलं, एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच पोताच्या, एकाच किमतीच्या साड्या सगळ्यांना नेसवल्या. सासूला, तिच्या दोन्ही जावांना, नणंदांना, सगळ्यांना सारखं. कुणाला कमी दिलं असं कुणी म्हणू नये, हा तुमचा कापडवाल्याचा न्याय. दुसऱ्या कुठल्या बापानं ही चूक केली नसती, कारण विहिणीची साडी एक पायरी वर असते हे पोरासोरांनाही माहीत असतं. माझ्या सासूबाईंनी ती साडी ट्रंकेत टाकली ती टाकली. "कापडवाल्याची लेक, अन् मला अन् माझ्या जावंला एकच भाव," हे मी लग्नानंतर रोज ऐकलं. त्या रागातच पुढचं सगळं आलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायला मला माहेरी पाठवायचं लग्न ठरताना कबूल केलं होतं. दसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, "शिकून काय तहसीलदार व्हायचंय? बापाला सांग, आता पुस्तकं रद्दीत घाला." माझे यजमान तिथंच बसले होते. ते स्वभावानं वाईट नव्हते, पण आईपुढं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

दिवाळसणाला मी घरी आले. आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "यांच्या कानावर घालू नको. ते साडीचं आधीच जिवाला लावून बसलेत. हळूहळू होईल सगळं नीट." मी गप्प बसले. सण झाला आणि मला पोचवायला तुम्ही स्वतः निघाला, सोबत सासूबाईंसाठी नवी साडी, भरजरी, दुकानातली सगळ्यात वरची. तिच्यासोबत आणखी काही कापड घालून तुम्ही छानपैकी गाठोडं बांधलं होतं. ओळखीच्या चाचांची अ‍ॅम्बॅसिडर भाड्यानं केली होती. तुम्ही पुढं, मी मागं, आणि गाठोडं तुमच्या मांडीवर. पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. मला आठवतं, मी खिडकीतून बघतेय आणि मनात मोजतेय की वैजापूर यायच्या आत बोलायचं असलं तर आता किती गावं उरली. तोंडाशी येतंय आणि परत आत जातंय. आणि फाट्यावर तुम्ही म्हणता, "चाचा, किल्ल्याकडं घ्या."

चाचा नुसते "हव सेठ" म्हणाले आणि गाडी वळवली. मीच चमकले. मांडीवर कापडाचं गाठोडं असताना वाट वाकडी करणारे तुम्ही? मी विचारलं, "अण्णा, उशीर नाही व्हायचा?" तुम्ही म्हणाला, "हूं दे." गाडीत गाठोडं ठेवायला तुमचं मन धजेना, म्हणून ते काखेत मारूनच तुम्ही किल्ल्यात शिरला. दारातल्या तोफांकडं तुम्ही ढुंकून बघितलं नाही. मनोरा दिसला, त्याकडंही नाही. वाट दाखवणारा एकजण मागं लागला होता, अंधारीचं भुयार बघा, मेंढा तोफ बघा म्हणून, त्याला तुम्ही "बाद में, मियाँ" म्हणून वाटेला लावलं. हत्ती हौदाच्या पुढं भिंतीच्या कडेला एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत दगडावर तुम्ही बसला, गाठोडं शेजारी ठेवलं, आणि मला म्हणाला, "बस."

मी बसले. तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गिऱ्हाईक गादीवर बसून गप ऱ्हायलं की मला कळतं," तुम्ही म्हणाला, "दाखवलेलं पसंत नाय. दिवाळीभर तू गप हाईस. बोल."

मग मी सगळं सांगितलं. आधी परीक्षेचं, मग साडीचं, मग तिथं जेवायला बसल्यावर मला कुणी काही विचारत नाही त्याचं. सांगताना रडले, ते मला आवडलं नाही. मला वाटलं होतं, आता समजूत काढाल, बाईच्या जातीनं निभावून न्यावं वगैरे. तुम्ही एवढंच विचारलं, "परीक्षा कधी?" मी म्हटलं, "मार्चात." तुम्ही टोपी घातली, गाठोडं उचललं. "मार्चापर्यंत तू घरी. वैजापूरला मी एकटा जातो." मी म्हटलं, "ते काय म्हणतील?" तुम्ही म्हणाला, "म्हणू दे की. ऐकायला मी हाय." एवढंच. मी तुमचा हात धरला नाही, पाया पडले नाही, आपल्यात ते नव्हतंच. बाहेर आल्यावर तुम्ही एका बाईकडून सीताफळं घेतली, ती माझ्या पदरात घातली आणि खुलताबादहून येणाऱ्या एस.टी.त मला बसवून दिलं. मी वळून बघितलं तेव्हा तुम्ही गाठोडं घेऊन गाडीत बसत होता.

वैजापूरच्या ओसरीवर त्या दिवशी काय झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाही. आईनं लई खोदून विचारलं तर म्हणाला, "चहा बरा होता." मी परीक्षा दिली. पेपर संपल्यावर यजमान स्वतः न्यायला आले, आणि दारातच त्यांनी विचारलं, "सोपे गेले का?" मी गेले, पुढं तिथंच मुलींच्या शाळेत नोकरी केली, आणि यजमान गेल्यावर परत इकडं शहरात राहायला आले. सासूबाईंनी ती भरजरी साडी माझ्या मुलाच्या बारशाला नेसली आणि शेजारणीला पदर हातात धरून दाखवली. सगळं बरं झालं म्हणायचं. मला फक्त एक कळत नव्हतं की त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी वळला, की तुम्हालाच एकदा किल्ला बघावासा वाटला आणि बोलणं आपलं निघालं. तुम्हाला विचारायचं राहून गेलं. तुम्ही गेल्यावर दहाव्याला चाचा आले होते. चहा पिता पिता तेच म्हणाले, "एक दिन पहले सेठ मेरेकू पूछे थे, किल्ले में बैठने कू छाँव किधर है, बेटी से बात करना है बोलके." मी आत जाऊन पोळपाटाशी उगाच उभी राहिले.

तर परवा फाट्यावर मी मुलाला म्हटलं, "वळव." नातीनं विचारलं, "आजी, काय आहे तिथं?" मी म्हटलं, "बसायला जागा चांगली आहे." सगळे हसले. पण मी थट्टा करत नव्हते. तुम्हाला सांगायला हवं म्हणून सांगते. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलगा पुण्याचं बिऱ्हाड मोडून माझ्याकडं राहायला आला. सूनबाईनं तिथली चांगली नोकरी सोडली. तेव्हापासून ती सगळं करते, औषध वेळेवर देते, आणि गप्प असते. मुलगा म्हणतो, "ती ठीक आहे, आई." बायको गप्प बसली की नवऱ्याला ती ठीकच वाटते. मला वाटलं, अण्णांनी केलं तसं आपण करावं. सावलीत बसवावं आणि बोल म्हणावं.

बापलेक तोफा बघायला वर गेले. कडुनिंब आता नाही, पण भिंतीची सावली आहे. शाळेची सहल आली होती, मास्तर शिट्ट्या वाजवत होते. आम्ही दोघी बसलो. शब्द माझ्या तोंडाशी आले आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुमचं काम सोपं होतं. तुमच्या लेकीची तक्रार वैजापूरची होती. ही तोंड उघडेल तर हिचं वैजापूर मीच. परत पुण्याला जायचंय म्हणाली तर? माझ्या घरात तिला गुदमरतं म्हणाली तर? ऐकायला मी हाय, असं म्हणायची छाती मला नाही. हे सगळे गेले तर त्या घरात मी आणि भिंती. मी पर्स उघडली, बंद केली, पाण्याची बाटली शोधली.

सूनबाई माझ्याकडं बघत होती. थोडं सरकून जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला काही बोलायचंय का?"

मी म्हटलं, "नाही गं. पाय दुखतोय जरा."

ती लगेच उठली, खाली बसली आणि माझा गुडघा चोळायला लागली. मी चोळू दिला. अण्णा, पाय दुखत नव्हता.