आंधळगावचं वेळापत्रक

तुमसर,
९ जून २००४, दुपार

प्रिय कुसुम,

आशीर्वाद. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? गुड्डीसाठी वह्या घेतल्या आहेत. मी खुशाल आहे. तुमच्या टोलीत, अख्ख्या वस्तीत फोन नाही, म्हणून ही चिठ्ठी देऊन टिकारामला मोटारसायकलवर धाडतो आहे. मी पोकलेनवाल्याच्या दारात बसलो आहे. यंत्र घेतल्याशिवाय हलणार नाही.

तलावदुरुस्तीचं एक पक्कं वेळापत्रक करा, त्यावरचं गावाचं नाव तेवढं बदला आणि जिल्हाभर कामं उभी करा, हे मी किती सभांमध्ये गरजून सांगितलं! आंधळगावला त्याच वेळापत्रकानं तलावाची पाळ, सगळा मातीचा बांध, वेळेआधी उभी राहिली. तेच मी संगणकातून उचललं, वर तुमच्या गावाचं नाव 'नाकाडोंगरी' लिहिलं. मेमध्ये जुनी पाळ फोडायची, मेमध्येच थराथरानं माती भरून धुम्मसानं ठोकायची.

आंधळगावात मेमध्ये माणसं मिळतात. तुमच्याकडे मे म्हणजे विडीचा तेंदूपत्ता तोडायचा महिना. पाळ फोडून झाली आणि सगळी टोली जंगलात! रुखमा जाता जाता म्हणाली, "पत्ता आटपला का येतो जी, दादा. तलाव का पळून जाते?" मीही हसलो.

माणसं परतली तेव्हा आभाळ भरलं होतं. घाईत माती ओतली. ठोकली नाही. आता डोंगरावरचं पाणी तलावात उतरलं आहे.

काल पाळीच्या मागच्या अंगाला ओल पाहून तू विचारलंस, "दादा, हे पानी कायचं?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पाळीले घाम फुटला, कुसुम. तुझ्यापेक्षा जास्त काम केलं तिनं." सगळे हसले आणि निर्धास्त घरी गेले.

ते पाणी गढूळ होतं. आतली माती वाहून येत होती. मला तेव्हाच कळलं. वाटलं, पहाटे निघून यंत्र आणू, कुणाला कळायच्या आत पाळ दाबून घेऊ. इथे यंत्र संध्याकाळी मिळेल म्हणतात.

कुसुम, ती पाळ संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. सासूबाईंना आणि गुड्डीला घे, पाळीखालची सगळी घरं रिकामी कर, टेकडीवरच्या शाळेत जा. धान, भांडी राहू दे. लोक म्हणतील, "सेवकरामदादा तर काही होत नाही म्हणत होते." वाद घालू नकोस, समजावत बसू नकोस. सेवकराम भ्याला आहे, एवढंच सांग.

टिकारामला परत पाठवू नकोस. म्हाताऱ्यांना न्यायला गाडी लागेल.

तुझा दादा