संगणकाच्या पाठीमागची तपासणी

ती. ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, तुझी तब्येत कशी आहे ते कळव. (हे वाक्य लोक पत्रात सवयीनं लिहितात आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या विषयाकडे वळतात. मी सवयीनं लिहिलेलं नाही. मला खरोखरच कळायला हवं आहे, आणि ते तुझ्याकडूनच कळायला हवं आहे.)

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून आपलं फोनवरचं बोलणं बंदच झालं. आता फोन केला की तुझे चिरंजीव उचलतात. मी विचारतो एक, ते तुला ओरडून सांगतात दुसरं, तू म्हणतेस तिसरं आणि माझ्यापर्यंत पोचतं चौथं. मध्ये दलाल आला की मालाचा भाव बदलतो, हे मी आयुष्यभर बाजारात पाहिलं आहे. तेही एक वेळ चाललं असतं. पण गेल्या खेपेला मी तोंड उघडायच्या आत चिरंजीव म्हणाले, "मामा, आई अगदी मजेत आहे." मी काही विचारलंच नव्हतं. थोड्या वेळानं, मी हवापाण्याचं विचारत असताना, पुन्हा तेच. ताई, मी वजनमापं तपासायच्या खात्यात उभा जन्म काढला. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर जो म्हणायचा, "साहेब, माझी वजनं चोख आहेत," त्याचीच वजनं मी आधी काट्यावर चढवायचो, आणि बहुतेक वेळा ती हलकी निघायची. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. तुला काहीतरी झालं आहे आणि मला काळजी नको म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून ते दडपलं आहे, असा मला दाट संशय आहे. (तू म्हणशील मग ये आणि बघ. यायचंच होतं, पण सध्या घर सोडून निघणं जमण्यासारखं नाही. हा कंस मी मागाहून घातला आहे, कारण शेवटी येईलच.)

तर चिरंजीवांनीच तोडगा सुचवला. म्हणाले, मामा, तुम्ही घरी ब्रॉडबँड घ्या, म्हणजे आई तुम्हाला पडद्यावर दिसेल, तुम्ही आईला दिसाल, ती तुमच्या ओठांवरून बोलणं ओळखेल. ही गोष्ट मला पटली, कारण लहानपणी बाबा जेवताना बोलू द्यायचे नाहीत तेव्हा आपण दोघं ताटावरून नुसते ओठ हलवूनच भांडायचो. पण पटलेली गोष्ट मी लगेच मान्य करत नाही. शिवाय चिरंजीव म्हणाले की आधी कंपनीला फोन करून तुमच्या संगणकात लागणारे भाग आहेत का ते तपासून घ्या. म्हणजे भाग नसण्याची शक्यता त्यांना आधीपासूनच ठाऊक होती. (कशावरून ठाऊक होती, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला.)

कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, बोलायला फार गोड. इतक्या गोड माणसाशी मी नेहमी हात राखूनच बोलतो. तिनं पहिल्यांदा विचारलं की संगणक किती जुना आहे. मग विचारलं, त्याची मेमरी किती. मग विचारलं, आत रिकामी जागा किती शिल्लक आहे. आता तूच सांग, कोणी अनोळखी माणूस फोन करून आपल्याला विचारू लागला की तुमचं घर किती जुनं, खोल्या किती आणि रिकाम्या किती, तर आपण काय समजायचं? मी उलट विचारलं, "तुमच्याकडे किती रिकामी आहे?" ती हसली. हसल्याची मी मनात नोंद करून ठेवली. मग तिनं सांगितलं की बाकी सगळं राहू द्या काका, संगणकाच्या मागच्या बाजूला टेलिफोनच्या खाचेसारखी पण तिच्यापेक्षा जरा रुंद अशी एक चौकोनी खाच आहे का तेवढं बघा. तिला नेटवर्क पोर्ट म्हणतात. ती असली की काम झालं, नसली तर वेगळं कार्ड बसवावं लागेल.

आपल्या माणसांनी संगणकाचं तोंड आयुष्यभर पाहिलेलं असतं, पण पाठ कोणीच पाहिलेली नसते. आमचा तर भिंतीला पाठ लावून बसलेला. टेबल ओढलं असतं तर तीन पायांवर उभं असलेलं ते टेबल (चौथ्या पायाखाली जुनी डिक्शनरी आहे) डिक्शनरीवरून उतरलं असतं. म्हणून मी हिचा हातातला आरसा मागे धरला आणि दुसऱ्या हातात टॉर्च. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे मी डावीकडची वायर समजून उजवीकडची ओढली आणि संगणक बंद पडला. तो बंद पडल्यावर ही स्वयंपाकघरातून म्हणाली की एवढा वेळ चालू कशाला ठेवला होता. बायकोला नवऱ्याची चूक भिंतीपलीकडूनही दिसते, तिला आरसा लागत नाही. असो. माउसची खाच सापडली, कीबोर्डची सापडली, पडद्याची सापडली, आवाजाच्या तीन सापडल्या, एका खाचेत कोळ्यानं संसार थाटलेला सापडला. पण ती रुंद चौकोनी खाच काही दिसेना. जिथे असायला हवी होती तिथे सपाट करडा पत्रा.

आता मी काही कालचा नाही. लगेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागे एकदा संगणकाचा पंखा घरघरायला लागला म्हणून तो चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. तो मुक्कामालाच राहिला होता त्याच्याकडे. म्हणजे खाच तिथेच गेली. हिला सांगितलं तर ती म्हणाली की खाच म्हणजे भोक, आणि भोक कोणी चोरतं का? मी म्हटलं, भोक चोरत नाहीत, भोकामागचा भाग चोरतात आणि भोकावर पत्रा लावून टाकतात. आमच्या खात्यात हे नेहमीचं. लोखंडी वजनाच्या पोटातलं शिसं काढून घ्यायचं आणि वरून बूच मारायचं. वजन वरून जसंच्या तसं दिसतं.

तसाच उठून मी दुकानात गेलो. दुरुस्तीवाला एका संगणकाचं पोट उघडून बसला होता. मी आधी थेट आरोप केला नाही. कोणी जुने भाग विकत घेतं का, असं सहज विचारलं. तो म्हणाला, मीच घेतो की. मी म्हटलं, आणि कुठून मिळतात? तो म्हणाला, लोकांच्या संगणकातून. इतकी सरळ कबुली मी नोकरीत कधी ऐकली नव्हती. मग मात्र मला राहवलं नाही आणि मी सगळं सांगून टाकलं. तो बिचारा (तेव्हा मला बिचारा वाटला नव्हता) एवढंच म्हणाला की काका, मी घरी येऊन बघतो, नसेल तर कार्ड बसवून देतो. आणि त्यानं खणातून एक कार्ड काढून खिशात टाकलं. म्हणजे बघ, रोग तपासायच्या आधी औषध खिशात.

घरी येताच त्यानं टेबलाचा एक कोपरा उचलून धरला, डिक्शनरी पायानं सरकवली आणि संगणक सरळ फिरवून त्याची पाठ आमच्यासमोर आणली. (हे इतकं सोपं होतं हे त्यानं आधी सांगायला हवं होतं.) त्यानंही पाहिलं. त्यालाही खाच दिसली नाही. तो म्हणाला, या मॉडेलला असते, कशी नाही कोण जाणे, असो, कार्ड लावू या. आणि त्यानं कार्डाचं पाकीट फाडलंसुद्धा. माझी खात्रीच झाली. मी दार लावून घेतलं आणि त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलो. तेवढ्यात ही ओलं फडकं घेऊन आली. संगणकाची पाठ चारचौघांत आली आहे तर निदान पुसून तरी घेऊ, एवढाच तिचा हेतू. तिनं एक हात फिरवला, दुसरा फिरवला, आणि करड्या पत्र्याचा एक कोपरा वर आला. तो पत्रा नव्हता. कागद होता. तिनं चष्मा लावून जवळून पाहिलं आणि माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "अहो, ही सही कोणाची?"

ताई, सही माझी होती. पंख्याच्या दुरुस्तीला संगणक देण्याआधी मी त्याच्या प्रत्येक सांध्यावर आणि मला संशयास्पद वाटलेल्या या रिकाम्या खाचेवर डिंकानं कागदाची पट्टी चिकटवून आडवी सही केली होती, म्हणजे आतलं काही काढलं तर पट्टी फाटलेली दिसावी. दुरुस्तीवाल्यानं स्क्रूंवरच्या पट्ट्या मला दाखवून माझ्यादेखत काढल्या होत्या, पण पंख्याशी संबंध नव्हता त्या खाचेला त्यानं हातही लावला नव्हता. पुढे धूळ बसून कागद पत्र्याच्या रंगाचा झाला आणि मी ते साफ विसरलो. दुरुस्तीवाला माझ्याकडे, मग बंद दाराकडे आणि मग हातातल्या फाडलेल्या पाकिटाकडे बघत राहिला. मी म्हटलं, पट्टी अखंड आहे, म्हणजे तू प्रामाणिक आहेस हे सिद्ध झालं. अशी पावती त्याला आजवर कोणी दिली नसेल. पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही, याचीही मी नोंद घेतली आहे.

तो पट्टी ओढायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. ज्यानं सील लावलं त्यानंच ते दोन साक्षीदारांसमोर काढायचं असतं, हा नियम आहे. हिला आणि त्याला दोन बाजूंना उभं केलं आणि मी सील काढलं. खाच आत होती, स्वच्छ आणि कोरी. मग त्यानं संगणक चालू करून मेमरी पाहिली, रिकामी जागा पाहिली, आणि सगळं भरपूर आहे म्हणाला. सगळं भरपूर आहे ऐकून मी पुन्हा विचारात पडलो, कारण माझ्या आयुष्यात तपासलेली कुठलीच गोष्ट पहिल्या फेरीत भरपूर निघालेली नाही. तेव्हा ब्रॉडबँड घ्यायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. घाईनं केलेलं काम अंगाशी येतं. सगळ्या बाजूंनी विचार करून कळवीन. चिरंजीवांना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, मामाचं लक्ष आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं लिहिल्याला बरेच दिवस झाले, पत्र टाकायचं राहून गेलं. मधल्या काळात कंपनीचा माणूस येऊन वायर टाकून गेला. दारावरच्या फळीवर एक डबा बसवला आहे. त्याच्यावर एक हिरवा दिवा आम्ही कोणी काही करत नसतानाही लुकलुकतो. कोणाशी बोलतो, देव जाणे. घर सोडून येता येत नाही ते याच्यामुळे. त्याच माणसानं संगणकाला जोडून दिलेल्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर मी पट्टी चिकटवून ठेवली आहे. ती फक्त तुझ्यासाठी निघेल.

आणखी एक ता. क. आता खरं काम. चिरंजीव तुला खुर्चीत बसवतील, शाल पांघरतील, केस विंचरतील आणि मानेपासून वर दाखवतील. मानेपासून वर सगळेच मजेत दिसतात. म्हणून खुर्ची भिंतीपर्यंत मागे घ्यायला लाव. मग कोणाचाही हात न धरता उठ, दारापर्यंत चाल आणि परत ये. घाई करू नकोस, मी बघत बसेन. तुला चालता येत नसेल तर तसं सरळ सांग, मी रागावणार नाही. मला फक्त खरं हवं आहे, ताई. भीती वाटते गं.

वन्सं, सा. न. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून हे चार शब्द. हिरव्या दिव्याच्या डब्यालाही सहीची पट्टी लावायला हे स्टुलावर चढले आणि खाली आले. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. पडद्यावरच्या भेटीची तालीम म्हणून रोज इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्ची टेबलाखाली पार पोटापर्यंत आत ओढून, पाय दिसत नाही ना याची माझ्याकडून खात्री करून घेतात. तुम्ही जरूर चालून दाखवा. पण आधी यांना उभं राहायला सांगा.