धुतलेले दगड

४ मार्च
माझा निवृत्तीचा निरोप समारंभ तेरा तारखेला. भूगर्भ खात्यात तेहतीस वर्षं दगड फोडले, आता पाच मिनिटांत सगळ्यांचे आभार माना म्हणे! आईला विचारलं, येशील ना? "मला नको नेऊस बाई. मी काय केलंय?" विषय संपला.

५ मार्च
दोन ओळी लिहिल्या. खोडल्या.

७ मार्च
आज भाषण पुढे सरकलं. सुरुवात त्या फजितीपासूनच करणार.

कॉलेजचं शेवटचं वर्ष. डोंगरातून आणलेले बेचाळीस दगड अंगणात मांडलेले — प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर शाईने नंबर. कुठला दगड कुठून उचलला, ते नंबरावरूनच वहीत सापडायचं. संध्याकाळी घरी येते तर काय, आईने तारेच्या घासणीने सगळे लख्ख घासलेले! एक नंबर शिल्लक नाही. परीक्षा चार दिवसांवर. मी तिला नाही नाही ते बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. माफी मी कधीच मागितली नाही. आज लिहिताना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सर म्हणाले, "पत्ता नसलेला दगड रस्त्यावरही मिळतो. जा, परत आण." बाबा रजा टाकून सोबत आले. पाठीवर पोतं आणि तोंडाचा पट्टा चालू — "दगड उचलायला एवढं शिकवलं होय तुला!" आज हवे होते ते.

त्याच फेरीत ओढ्याकाठी ज्वालामुखीच्या राखेचा बोटभर थर दिसला. पहिल्या वेळी घाईत नजरेतून सुटलेला! पुढचं संशोधन, नोकरी, नाव, सगळं त्या थरामुळे.

एक वाक्य छान जमलं : "आईने नकळत माझे दगड धुतले, म्हणून मी आज इथे उभी आहे."

९ मार्च
सरांना भाषण वाचून दाखवलं. ऐकू कमी येतं, पण भिंग अजून गळ्यात! म्हणाले, "माझे आभार जरा कमी कर. नमुने नाहीत तर परीक्षा नाही, असा नियम होता. मी तुला बसू देणार नव्हतो. पण त्या दिवशी सकाळीच तुझी आई आली. दोन तास प्रयोगशाळेच्या दारात उभी. 'चूक माझी, शिक्षा पोरीला नको.' म्हणून तर 'परत आण' म्हणालो. हे तुला सांगू नका म्हणाली."

छत्तीस वर्षं पोटात ठेवलं दोघांनी!

१० मार्च
आईला म्हटलं, सरांनी सगळं सांगितलं. आता यायचंच. "बघू," म्हणाली. जेवली नाही नीट.

१२ मार्च
आईला भाषण वाचून दाखवलं. 'नकळत'पाशी तिने थांबवलं. "नंबर दिसत होते गं मला. मुद्दाम घासले. तुझ्या वर्गातली ती मुलगी कड्यावरून पडली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. वाटलं, परीक्षा बुडेल, डोंगर सुटतील. मग तुझं रडणं बघवेना, म्हणून सरांकडे गेले."

मग म्हटलं, मीही तुला तेव्हा वाट्टेल ते बोलले. फिट्टंफाट. उद्या दहाला तयार राहा.

भाषणातला 'नकळत' तेवढा खोडला.